दशावतारातल्या ट्रिकसीनचं पेटंट काढावं का?

कुडाळी_वेल्डर

नमस्कार मंडळी. कुडाळच्या बाहेर माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. ग्रिल, गेट, पत्र्याच्या शेड ही पोटापाण्याची कामं. पण तुळशीचं लग्न झालं की जत्रा सुरू होतात आणि दशावतार मंडळांचे फोन येऊ लागतात, कारण हल्ली बोर्डावर ‘ट्रिकसीनयुक्त’ लिहिल्याशिवाय बऱ्याच गावांत नाटकच ठरत नाही. कोणाला ताटातलं बोलकं मुंडकं हवं असतं, कोणाला कमळातून उमलणारी लक्ष्मी, कोणाला हवेत उभा नारद.

त्यातला हवेतला नारद माझा. देवळाच्या आवारात वरून दोरी सोडायला काही नसतं आणि मांडवाच्या बांबूवर माणूस टांगायची माझी छाती नाही. म्हणून माझी आर्म मागच्या पडद्यातून पुढे येते. नट तिच्यावर उभा राहतो, पडद्यामागे एकजण हँडल फिरवतो. वर्म गिअर बसवलाय, त्यामुळे हँडल हातातून सुटलं तरी नारद खाली येत नाही. पण माझ्या मते खरी करामत आर्मच्या सांध्यात आहे. एक पिन काढली की सगळा सांगाडा तीन घड्यांत मिटतो आणि टेम्पोत पेटाऱ्यांच्या बाजूला बसतो. पिनला असं लॉक आहे की नट वर असताना ती निघूच शकत नाही. कसं, ते इथे लिहीत नाही, समजून घ्या.

गेल्या हंगामात आमच्या नाटकाच्या वेळी कोणीतरी रंगपटात शिरून मोबाईलवर शूटिंग करून गेलं. पुढे दोन तालुके पलीकडे तसाच नारद उडायला लागला. जाऊन बघितलं. सांधा माझाच, लॉक मात्र नाही. साधा बोल्ट घातलाय. नक्कल झाल्याचा राग आहेच, पण त्या बोल्टवर रोज रात्री एक माणूस उभा राहतो त्याची जास्त काळजी वाटते.

आता माझे प्रश्न. याचं पेटंट मिळतं का? मिळालं तर युक्ती सरकारदरबारी उघडी होते म्हणतात, मग उपयोग काय? आणि भाचा म्हणतो मायकल जॅक्सननेसुद्धा नाचाच्या बुटाचं पेटंट काढलं होतं. हे खरं की मोबाईलवरचं?

सहज_आलो

कॉपीराइट घ्या हो. ऑनलाइन मिळतो, पेटंटसारखी कटकट नाही.

शाईची_रेघ

जॅक्सनचं खरं आहे. भाच्याला माझ्याकडून शाबासकी.

फोर्टात एका पेटंट वकिलांच्या ऑफिसात मी आकृत्या काढायचं काम केलं, निवृत्तीपर्यंत. वकील शब्द लिहायचे, रेघा माझ्या. आधी ट्रेसिंग पेपरवर रॉट्रिंगच्या पेनने, नंतर ऑटोकॅडवर. पंप, व्हॉल्व्ह, गोळ्यांच्या स्ट्रिपचे साचे काढून डोकं भणभणलं की मी जुनी अमेरिकन पेटंटं उघडून बसायचे. त्यात रंगभूमीवरच्या चमत्कारांची पेटंटं हाती लागली आणि मग नादच लागला. त्यामुळे उत्तर लांबणार, आधीच सांगते.

जॅक्सनच्या पेटंटचा क्रमांक ५२५५४५२. अर्ज २९ जून १९९२चा, मंजुरी २६ ऑक्टोबर १९९३ची. शोधकर्ते तीन: स्वतः जॅक्सन आणि त्याचे पोशाख करणारे मायकल बुश व डेनिस टॉम्पकिन्स. ‘स्मूथ क्रिमिनल’ गाण्यात तो पाय जमिनीवर सपाट ठेवून अख्खा देह पुढे झुकवतो, तीच ही करामत. १९८८च्या व्हिडिओत ती हार्नेस (अंगाला बांधायचे पट्टे) आणि तारांच्या जोरावर झाली होती. चित्रीकरणात ते ठीक, पण हजारो लोकांसमोर चालू नाचात तारा अडकवायला आणि सोडवायला माणसं कशी पाठवणार? पेटंटच्या मजकुरात हीच अडचण आधी मांडली आहे. मग उपाय: टाचेला खाली एक खाच. ती एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला निमुळती. योग्य क्षणी रंगमंचाच्या फळीतून रुंद डोक्याची खुंटी वर येते. नाचणारा पाय पुढे सरकवतो, खुंटीचं डोकं खाचेच्या अरुंद भागात अडकतं, आणि तो बिनधास्त झुकतो. बुटाला घोट्याभोवती भक्कम आधार आहे, कारण सगळा भार तिथेच येतो. झुकून झालं की पाय मागे घ्यायचा, मोकळा.

२०१८ साली चंडीगडच्या पीजीआय रुग्णालयातल्या न्यूरोसर्जननी यावर मणक्याच्या एका जर्नलात लेख लिहिला. कसलेला नर्तकसुद्धा २५ ते ३० अंशांपलीकडे असा झुकू शकत नाही आणि जॅक्सन ४५ अंशांपर्यंत जायचा, असा त्यांचा हिशेब. बूट असला तरी पाठीत आणि पायांत ताकद लागतेच, हेही त्यांनी बजावलं आहे.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे. १ नोव्हेंबर १९९६ला जॅक्सन अंधेरीच्या क्रीडासंकुलात नाचून गेला तेव्हा बुटाचं पेटंट मंजूर होऊन तीन वर्षं उलटली होती. आकृत्यांसकट सगळं उघडं, कोणीही प्रत मागवावी. तिकीट काढलेल्यांपैकी एकजण तरी ती आकृती बघून आला असेल असं मला वाटत नाही, आणि बघून आला असता तरी त्याचं काय बिघडलं असतं? लोक जॅक्सनला बघायला आले होते. म्हणजे काही करामती अशा असतात की रहस्य कळलं तरी त्यांचं मोल घटत नाही. पेटंट त्यांना शोभतं. (पुढे २००५मध्ये चालू ठेवण्याची फी न भरल्याने ते पेटंट गेलं. आता तो बूट कोणीही करावा. तुम्हीसुद्धा.)

उलट टोकाला जादूगार होरेस गोल्डिन. बाईला पेटीत घालून करवतीने कापण्याचा खेळ पी. टी. सेल्बिटने १७ जानेवारी १९२१ रोजी लंडनच्या फिन्सबरी पार्क एम्पायरमध्ये जाहीरपणे केला. त्याच वर्षी गोल्डिनने अमेरिकेत आपली तऱ्हा आणली. तीत डोकं आणि पावलं पेटीबाहेर सतत दिसत राहतात. सेल्बिट अमेरिकेत पोहोचेपर्यंत गोल्डिनने बाजार काबीज केला होता. हा गडी भांडखोर. नकला करणाऱ्यांवर, रहस्य फोडणाऱ्या सिनेमावाल्यांवर दावे लावायचा. १२ जून १९२३ला त्याने पेटंटही मिळवलं, क्रमांक १४५८५७५.

त्या आकृत्या मी पुन्हा पुन्हा पाहिल्या आहेत. टेबलाचा छेद इतका स्वच्छ काढलाय की काढणाऱ्याचा हात धरावासा वाटतो. आणि त्या स्वच्छपणानेच गोल्डिनचा घात केला. १९३३मध्ये कॅमल सिगारेटवाल्यांनी जादूचे खेळ फोडून दाखवणाऱ्या जाहिरातींची मालिका काढली, त्यात हाही खेळ फोडला. गोल्डिन कोर्टात गेला. १९३८मध्ये निकाल विरुद्ध लागला: बाबा रे, पेटंट घेताना तूच हे जगाला सांगितलंस, आता गुपित फोडलं म्हणून तक्रार कसली? कायद्याच्या अंगाने बिनतोड. पेटंट हा सौदाच तसा आहे. तू सगळं सांग, आम्ही ठरावीक वर्षं दुसऱ्याला ते करू देणार नाही. दुसऱ्याला ते *कळू* देणार नाही असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही. गोल्डिनच्या खेळात रहस्य सोडून होतंच काय? तेच त्याने सरकारजमा केलं.

आपल्याकडेही तोच सौदा. १९७०च्या पेटंट कायद्यात कलम १०प्रमाणे अर्जदाराला माहीत असलेली सर्वांत चांगली कृती लिहावीच लागते. लॉकचं दाखवायचं आणि पिनचं झाकायचं, असं चालत नाही. अर्ज १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो, मंजूर होवो न होवो. पेटंट मिळालं तर अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं.

तिसरी गोष्ट ‘पेपरच्या भुता’ची (पेपर हे माणसाचं आडनाव), आणि तुमच्या कामाशी सर्वांत जवळची तीच. लिव्हरपूलचे हेन्री डर्क्स नावाचे इंजिनिअर. प्रेक्षकांना न दिसणाऱ्या जागी लख्ख उजेडात माणूस उभा करायचा आणि मध्ये मोठी स्वच्छ काच ठेवायची. काचेत त्याचं प्रतिबिंब पडतं, काचेतून पलीकडचा नटही दिसतो, म्हणजे नटाच्या शेजारी पारदर्शक भूत उभं. डर्क्सने १८५८मध्येच हे विद्वानांच्या सभेत मांडलं होतं. कोणी हुंगलं नाही, कारण त्याच्या आराखड्याप्रमाणे करायचं तर नाट्यगृहच नव्याने बांधावं लागलं असतं. मग लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमधले प्रोफेसर पेपर यांनी काच तिरकी केली आणि भुताचा नट रंगमंचासमोरच्या खड्ड्यात उतरवला. झालं, आता कुठल्याही थिएटरात भूत निघू लागलं. २४ डिसेंबर १८६२ला पहिला प्रयोग. १८६३मध्ये दोघांच्या नावाने पेटंट. डर्क्सने मिळकतीवरचा हक्क आपणहून सोडला होता, नाव तेवढं राहावं एवढीच अपेक्षा. भूत मात्र पेपरचंच झालं. डर्क्सने चिडून त्याच वर्षी स्वतःची बाजू मांडणारं पुस्तक लिहिलं. आज त्याला कोण ओळखतं?

२०१४च्या निवडणुकीत गावोगाव मोदींची ‘थ्रीडी’ सभा झाली ना, ती याच भुताची नात. काचेऐवजी ताणलेली पातळ फिल्म आणि खालच्या माणसाऐवजी प्रोजेक्टर.

आता मुद्दा. ‘हवेत उभा नारद’ यावर हक्क मागायला जाऊ नका. पडद्यातून आर्म काढून माणूस तरंगवणं शंभर वर्षांहून जुनं आहे, परीक्षक पहिल्याच पत्रात जुनी पेटंटं समोर ठेवेल. जादूगार डेव्हिड कॉपरफिल्डच्या उडण्यामागच्या यंत्रणेचं पेटंट जॉन गॉनला १९९४मध्ये मिळालं. ते ‘माणूस उडतो’ यावर मिळालं नाही. कुठल्या तारा, कशा पसरून, कशावर ओढलेल्या, त्या रचनेवर मिळालं. पेपरने चमत्कार नवा केला नाही, तो कुठल्याही जागेत बसेल असा केला. तुम्हीही तेच केलंय. टेम्पोत बसणारी घडी आणि नट वर असताना न निघणारी पिन, हक्क मागायचा तो एवढ्यावरच. आणि हे उघडं झाल्याने तुमच्या नारदाचं काही बिघडत नाही. मागे लोखंड आहे हे जत्रेतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तुम्ही गोल्डिन नाही, जॅक्सन आहात.

टोपीतला_ससा (पुणे)

शाईताई, लेख माहितीपूर्ण, पण मला पटत नाही. मी हौशी जादूगार आहे, गणेशोत्सवात आणि शाळांत प्रयोग करतो. आमच्यात पहिला नियम: कागदावर उतरवलेलं गुपित हे गुपित नाही. जादूची यंत्रं बनवणारी चांगली इल्युजन बिल्डर मंडळी पेटंट ऑफिसच्या पायरीलाही शिवत नाहीत.

हुडिनी बघा. पाण्याने भरलेल्या पेटीत उलटं टांगून सुटण्याचा त्याचा खेळ. पेटंट काढलं असतं तर पेटीची आकृती द्यावी लागली असती. त्याने काय केलं? १९११मध्ये साउथॅम्प्टनला तो खेळ एक नाटुकलं म्हणून केला, प्रेक्षक मोजून एक. झाला नाट्यप्रयोग, लागला कॉपीराइट, पेटी गुलदस्त्यात. याच हुडिनीने १९२१मध्ये पाणबुड्याच्या पोशाखाचं पेटंट मात्र रीतसर घेतलं, कारण त्यात लपवायचं काही नव्हतं. माणूस हुशार.

आणि गोल्डिनची पुढची पायरी सांगायची राहिली. नंतर त्याने पेटीच काढून टाकली. गोल फिरणारी मोठी करवत, समोर उघड्यावर आडवी बाई. आपल्या पी. सी. सरकारांनी हाच प्रकार ९ एप्रिल १९५६ला बीबीसीच्या ‘पॅनोरमा’त केला. करवत थांबली, सहायिका उठेना, आणि वेळ संपली म्हणून कार्यक्रम तिथेच बंद. बाई मेली समजून लोकांनी बीबीसीचे फोन जाम केले. लंडनमधल्या त्यांच्या प्रयोगांना याहून मोठी जाहिरात काय मिळणार? यातलं काय पेटंटने मिळालं असतं? वेळ साधणं सरकारांचं होतं, ते कागदावर येत नाही.

वेल्डरभाऊ, गुपित तुमच्या माणसांपर्यंतच ठेवा. रंगपटाला कुलूप लावा. स्वस्तात काम होईल.

वकिली_शंका

वर कॉपीराइटचा सल्ला आलाय म्हणून थोडं. आर्म, सांधा, लॉक यांना कॉपीराइट मिळत नाही. यंत्र कसं चालतं हा त्याचा विषयच नाही. पण *सीन*ला मिळू शकतो. आपल्या १९५७च्या कायद्यात नाट्यकृतीच्या व्याख्येत मूकाभिनय आणि दृश्यरचनाही येते, अट एवढीच की ती लेखी किंवा अन्य रूपात पक्की केलेली असावी.

अमेरिकेतलं टेलर (Teller) नावाच्या जादूगाराचं प्रकरण यावर वाचण्यासारखं आहे. फुलदाणीतल्या गुलाबाच्या सावलीवर तो सुरी चालवतो आणि खऱ्या गुलाबाच्या पाकळ्या गळतात. त्याने १९८३मध्ये हे मूकनाट्य म्हणून नोंदवलं होतं, कोण कुठे उभं, कधी काय, असं सगळं लिहून. पुढे एका युरोपियन जादूगाराने तसाच खेळ यूट्यूबवर टाकून विकायला काढला. २०१४मध्ये टेलर जिंकला. जादूच्या युक्तीला कॉपीराइट नाही, पण ती ज्या नाट्यात गुंफली आहे त्याला आहे, असं कोर्टाने धरलं.

दशावतारात गोची अशी की संवाद आयत्या वेळचे, संहिता नाहीच. तेव्हा सीनचं स्वतःच व्हिडिओ शूटिंग करून ठेवा आणि क्रम लिहून काढा. पण तो हक्क तुमच्यापेक्षा मंडळाचा व्हायची शक्यता जास्त, कारण सीन बसवतात ते.

तालमीवालो

माका ह्या पेटंटातला काय एक कळणा नाय. मी पखवाजार बसतंय, म्हणान सगळा बाजूनच दिसता. लोकांका ठावक आसता मागे लोखंड आसा म्हणान. तरी नारद वर गेलो की पोरां शिट्यो मारतत आणि म्हाताऱ्यो हात जोडतत. कुलूप लावन काय होवचा नाय, रंगपटात अर्धो गाव आसता.

पण बोल्टाचा तेवढा खरा. आमचो नारद वर जाताना आधी पिनेक हात लावन बघता, मगे नमस्कार करता. कोणाचाय पेटंट होवंदे, लॉक सगळ्यांका गावाक होया.

कुडाळी_वेल्डर

सगळ्यांचे आभार. टोपीतले साहेब, रंगपटाला कुलूप हा विनोद आमच्याकडे चांगला चालेल. तालमीवाल्यांनी उत्तर दिलंच आहे.

शाईताई, जॅक्सन म्हणालात त्याने घरात दोन दिवस माझी थट्टा चालली आहे. पण अजून अडचणी आहेत. एक, गेल्या हंगामात आर्म वापरून झाली. हातचं गेलं का? दोन, खर्च किती आणि पेटंट मिळून कोणी नक्कल केलीच तर मी काय करायचं? तीन, ज्या मंडळासाठी पहिली आर्म केली त्यांचे मालक म्हणतात अर्ज दोघांच्या नावाने करू, अर्धा खर्च ते देतील. चार, माझ्याकडे ड्रॉइंग नाही. वर्कशॉपच्या लादीवर खडूने काढून कापतो मी.

शाईची_रेघ

आधी टोपीतल्या सशाला. तुमचं म्हणणं तुमच्या धंद्यात बरोबर आहे, पण गुपित राखल्याने राहतं हे मला मान्य नाही. लंडनचा जादूगार मॅस्केलिन याचं माणूस तरंगवण्याचं यंत्र अमेरिकेचा जादूगार हॅरी केलर याला हवं होतं. मॅस्केलिनने दिलं नाही. केलरने शेवटी त्याच्याकडचा पॉल व्हॅलडन नावाचा जादूगारच आपल्याकडे आणला आणि ‘राजकन्या कर्नाक’ म्हणून ती तरंगती बाई अमेरिकाभर मिरवली. गुपित माणसाच्या डोक्यात असतं आणि माणसाला पगार वाढवून मिळतो. आणि यांच्याकडे तर ती आर्म रोज वेगळ्या गावात, वेगळ्या चार पोरांच्या मदतीने जोडली जाते. तिथे गुपित धरून बसणं म्हणजे चाळणीत पाणी राखणं. हुडिनीची वाट चांगली, पण ती एकट्या माणसाची. पेटीही त्याची, आत बुडायचाही तोच. वेल्डरभाऊ नारद नाहीत, ते नारदाखालचं लोखंड विकतात. विकणाऱ्याला पेटंट लागतं.

आता क्रमाने.

हातचं गेलं का. अर्जाच्या तारखेआधी वस्तू लोकांना माहीत किंवा जाहीर वापरात असेल तर नवेपणा जातो, हा सरळ नियम. प्रेक्षकांनी नारद पाहिला, सांधा पाहिला नाही, तो पडद्यामागे होता, असा युक्तिवाद करता येईल. पण अर्धा गाव रंगपटात असतो हे इथेच लिहून झालंय, आणि कोणाच्या तरी मोबाईलमध्ये व्हिडिओही आहे. हे वकिलाला लपवू नका, पहिल्याच भेटीत सांगा. माझा अंदाज विचाराल तर गेल्या हंगामातल्या घडीवर भिस्त ठेवू नका. त्यानंतर काही सुधारलं असेल, लॉकमध्ये काही नवं केलं असेल, तर त्यावर अर्ज करा, आणि ते नवं अजून एकाही जत्रेत नेऊ नका.

त्यासाठी तात्पुरता अर्ज बरा. त्यात शोधाचं वर्णन देऊन तारीख मिळते, पूर्ण अर्जाला १२ महिने मुदत. तो दिवाळीआधी करा. मग कार्तिक ते वैशाख अख्खा हंगाम बिनधास्त वापरा, मागणी किती येते बघा, आणि पावसाळ्यात ठरवा. धंदा नाही असं वाटलं तर पूर्ण अर्ज करू नका. तो आपोआप बाद होतो आणि प्रसिद्धही होत नाही. गोल्डिनला हे दार नव्हतं.

खर्च. एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये, तपासणीची विनंती ४,०००. खरा खर्च पेटंट एजंटचा, तो आधी लेखी ठरवून घ्या. पश्चिम भारताचं पेटंट ऑफिस मुंबईत अँटॉप हिलला आहे, पण तिथे खेटे घालावे लागत नाहीत. नक्कल झाली तर दावा जिल्हा न्यायालयाच्या खाली लागत नाही, म्हणजे तुम्हाला ओरोस, जिल्ह्याचं ठिकाण. समोरच्याने ‘पेटंटच खोटं आहे’ असा उलटा दावा टाकला की प्रकरण उच्च न्यायालयात. म्हणून कोर्टाच्या भरवशावर पेटंट घेऊ नका. त्याचा तुमच्या धंद्यात उपयोग वेगळा: दुसऱ्या फॅब्रिकेटरला बोलावून सांगा, आर्म तू कर, पण लॉक माझ्याकडचं घे किंवा नगामागे अमुक दे. पेपरनेही भूत लपवण्यापेक्षा थिएटरांना परवाने विकण्यातच शहाणपण पाहिलं. बोल्टवर उभ्या राहणाऱ्या नटाचा प्रश्नही याच वाटेने सुटण्याची आशा आहे. कागदावर ‘लॉकशिवाय विकता येणार नाही’ ही अट घाला.

मालकांची अर्धी भागीदारी. डर्क्स आठवा. त्यांनी पैसे दिले म्हणून ते शोधकर्ते होत नाहीत. अर्जदार दोघं असू शकतात, शोधकर्ता म्हणून नाव तुमचंच लागेल. आणि दोघं मालक झालात तर आपल्या कायद्यात एकाच्या संमतीशिवाय दुसऱ्याला परवाना देता येत नाही. म्हणजे शेजारच्या मंडळासाठी आर्म करणाऱ्या दुसऱ्या फॅब्रिकेटरला परवाना द्यायचा की नाही हे उद्या तुमचे मालक ठरवतील, आणि ते शेजारच्या मंडळाशी स्पर्धेत आहेत. पैसे उसने घ्या, भागीदारी नको. फार आग्रह असेल तर त्यांच्या मंडळाला एक आर्म फुकट कायमची द्या.

राहिलं ड्रॉइंग, म्हणजे माझं खातं. खडूचं चालेल, सुरुवातीला. लादीवर काढाल तेव्हा वरून फोटो घ्या आणि तारीख टाकून ठेवा. मग एजंटचा ड्राफ्ट्समन ते ए-फोर कागदावर घेईल. वर आणि डावीकडे ४ सेंटिमीटर समास, खाली आणि उजवीकडे ३. प्रत्येक भागाला आकडा, पण नाव नाही. नावं वर्णनात येतात, आकृतीत मजकूर चालत नाही. तीन आकृत्या तरी हव्यात: उभी असतानाची, घडी केलेली, आणि पिनेचा छेद मोठा करून. छेदात पिन अडकलेली आणि सुटलेली अशी दोन्ही स्थिती दाखवायला सांगा, परीक्षकाचे निम्मे प्रश्न तिथेच मिटतात. आणि मापं अजिबात टाकायची नाहीत. नियमच आहे तसा. तेवढं तरी तुमच्यापाशी राहतं.